अनवस्थेचे गणित : ओपन-एसएसएल लायब्ररीतील एका दोषाचे विवेचन

१

भारतीय तर्कशास्त्रात ‘अनवस्था’ हा एक दोष मानिला आहे. एका गोष्टीच्या सिद्धीसाठी दुसरी, दुसरीच्या सिद्धीसाठी तिसरी, अशी परंपरा सुरू होऊन तिला कोठेच विश्रांतिस्थान लाभत नाही, तेव्हा तो विचार या दोषाने दूषित ठरतो. वादसभेत असा विचार मांडणाऱ्यास प्रतिपक्षी थांबवू शकतो. संगणकास मात्र थांबविणारा प्रतिपक्षी नसतो. त्यास दिलेल्या आज्ञावलीत थांबण्याची अट चुकली, तर तो न कंटाळता, न शंका घेता तीच क्रिया करीत राहतो. आणि तो तीच क्रिया करीत राहिल्यामुळे त्याच्या दारी आलेल्या इतर सर्वांचे काम अडते. यासच संगणकसुरक्षेच्या परिभाषेत ‘सेवानकार’ असे म्हणता येईल. येथे गुपित फुटत नाही, लेखात फेरफार होत नाही. केवळ सेवा मिळेनाशी होते.

अशा सेवानकारास वाव देणारा एक महत्त्वाचा दोष २०२२ साली ओपन-एसएसएल या लायब्ररीत आढळला. सी.व्ही.ई. २०२२-०७७८ या क्रमांकाने तो नोंदला गेला आहे. ओपन-एसएसएल ही कूटलेखनाची, म्हणजे मजकूर गुप्त राखण्याची व सहीची सत्यता पडताळण्याची साधने पुरविणारी, सर्वांस मुक्तपणे उपलब्ध असलेली सॉफ्टवेअर लायब्ररी होय. एरिक यंग व टिम हडसन यांनी रचिलेल्या पूर्वीच्या एका लायब्ररीच्या पायावर १९९८ च्या अखेरीस तिचा प्रारंभ झाला. जगातील असंख्य सर्व्हर, उपकरणे व कार्यालयीन प्रणाली तिच्यावर विसंबून आहेत. गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २४ फेब्रुवारी २०२२ रोजी हा दोष ओपन-एसएसएलच्या चालकांस कळविला. गूगलचे डेव्हिड बेंजामिन व ओपन-एसएसएलचे तोमाश म्राझ यांनी दुरुस्ती सिद्ध केली. आणि १५ मार्च २०२२ रोजी, म्हणजे एकोणीस दिवसांनी, दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. चालकांनी या दोषाची तीव्रता ‘उच्च’ या श्रेणीची ठरविली.

भाषेच्या अभ्यासकाने या गणिती दोषाकडे का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, हा दोष जेथे प्रकट झाला ती क्रिया मुळात वाचनाची आहे. लेखक, मजकूर व वाचक या तिघांच्या परस्परसंबंधांत कोणी किती श्रम करावयाचे, कोणावर कितपत विश्वास टाकावयाचा आणि वाचन कोठे थांबवावयाचे, हे जे प्रश्न भाषाव्यवहारात पदोपदी येतात, तेच येथे यंत्राच्या रूपाने उभे राहिले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

प्रथम दोषाचे स्वरूप एका सोप्या उदाहरणाने पाहणे इष्ट होईल. द. रा. कापरेकर हे अंकगणितातील संशोधनासाठी जगभर परिचित झालेले मराठी गणिती. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. हे गाव आज ज्या पालघर जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्यात मोखाडा तालुका आणि त्यातील खोडाळा हे गाव आहे. कापरेकरांनी १९४९ साली एक चमत्कृतिपूर्ण क्रिया मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ येतात. ८७३० मधून ०३७८ वजा जाऊन ८३५२ येतात. आणि ८५३२ मधून २३५८ वजा जाऊन ६१७४ येतात. ६१७४ वर हीच क्रिया केली असता पुन्हा ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ हाती लागतात.

परंतु या सिद्धान्तास एक अट आहे. संख्येतील चारही अंक सारखे असता कामा नयेत. आता एखाद्या विद्यार्थ्याने संगणकास अशी आज्ञा दिली की, ‘६१७४ येईपर्यंत ही क्रिया करीत राहा’. ज्यास अट ठाऊक आहे अशा मनुष्याने संख्या दिल्या, तर आज्ञावली वर्षानुवर्षे निर्दोष चालेल. एके दिवशी कोणी ११११ ही संख्या दिली, की वजाबाकी शून्य येईल. शून्यातून शून्य वजा जाऊन पुन्हा शून्य येईल. ६१७४ कधीच येणार नाहीत आणि यंत्र कधीच थांबणार नाही. येथे सिद्धान्त चुकलेला नाही. वजाबाकीही चुकलेली नाही. चूक एवढीच की, सिद्धान्ताच्या आधारे ‘हे थांबणारच’ असे गृहीत धरिले गेले, मात्र ज्या अटीवर तो सिद्धान्त उभा आहे ती अट दिलेल्या संख्येत आहे किंवा नाही हे कोणी तपासले नाही. ओपन-एसएसएलमधील दोष तत्त्वतः याहून निराळा नाही.

३

आता तो दोष ज्या मजकुराच्या वाचनात प्रकटला त्या मजकुराचा परिचय करून घेतला पाहिजे. संगणकांच्या व्यवहारात दोन अपरिचित पक्षांना एकमेकांची ओळख पटविण्यासाठी ‘प्रमाणपत्र’ सादर करावे लागते. त्यात धारकाचे नाव, मुदत, धारकाची सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्याची सही असते. १९८८ साली एक्स-५०९ या मानकाने अशा प्रमाणपत्राची रचना निश्चित केली. ही रचना एएसएन-१ नावाच्या औपचारिक लेखनपद्धतीत सांगितली जाते. कोणत्या घटकानंतर कोणता घटक यावा, कोणता घटक वैकल्पिक आहे, कोणता कशाच्या पोटात येतो, हे ती सांगते. म्हणून तिला प्रमाणपत्राचे व्याकरण म्हणावयास हरकत नाही. व्याकरणशुद्ध वाक्य अर्थदृष्ट्या असंगत असू शकते, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचितच आहे. प्रमाणपत्राच्या बाबतीतही तेच घडते. रचनेच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या प्रमाणपत्रात गणिती दृष्ट्या अशक्य असा आशय भरता येतो.

सार्वजनिक किल्ली लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी एकीत किल्ली म्हणजे एका इलिप्टिक वक्रावरील बिंदू असतो. वक्राचे समीकरण असे : य चा वर्ग = क्ष चा घन + अ गुणिले क्ष + ब; आणि ही सारी आकडेमोड एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीपुरतीच करावयाची असते. बिंदू सांगावयाचा तर क्ष व य अशा दोन संख्या द्याव्या लागतात. परंतु क्ष ठाऊक असला की समीकरणावरून य चा वर्ग मिळतो, आणि वर्गमूळ काढले की य साठी दोनच पर्याय उरतात. मग य सबंध न लिहिता त्या दोहोंपैकी कोणता, एवढीच खूण केली तरी पुरे. या संक्षिप्त लेखनामुळे प्रचारातील २५६ बिटांच्या वक्रावरील बिंदू ६५ बाइटांऐवजी ३३ बाइटांत मावतो.

मोडी लिपीच्या वाचकास ही युक्ती नवी वाटू नये. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः दाखविला जात नाही. लेखकाचा हात झरझर चालतो आणि राहिलेला भेद वाचकाने संदर्भावरून भरून काढावयाचा असतो. संक्षेपाने श्रम नाहीसे होत नाहीत. ते लेखकाकडून वाचकाकडे जातात. सद्भावनेने लिहिणाऱ्याच्या बाबतीत ही देवघेव उभयपक्षी हिताची ठरते. परंतु लेखकच दुष्ट हेतूचा असेल, तर वाचकावर किती श्रम लादावयाचे हे ठरविण्याची सत्ता त्याच्या हाती जाते. येथे संक्षिप्त बिंदू वाचणाऱ्या संगणकास वर्गमूळ काढावे लागते. आणि ते वर्गमूळ कधीच निघू नये अशी व्यवस्था लेखकास करता आली, एवढेच या दोषाचे सार आहे.

ही व्यवस्था करण्यास आणखी एका सवलतीचा आधार मिळाला. वक्र कोणता हे सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मानकांत नोंदलेल्या वक्राचे नाव देणे. दुसरा, वक्राचे सर्व घटक, म्हणजे मूळ संख्या, अ, ब व पायाभूत बिंदू, प्रत्यक्ष लिहून देणे. पहिला मार्ग विशेषनामासारखा आहे. ‘वैतरणा’ म्हटले की ऐकणारा आपल्या ज्ञानातून नदी ओळखतो. सांगणाऱ्यास नदीचे वर्णन रचण्याची मुभाच नसते. दुसरा मार्ग वर्णनाचा आहे. त्यात सांगणारा वाटेल ते वर्णन करू शकतो, अस्तित्वात नसलेल्या वस्तूचेही. ज्या ठिकाणी मूळ संख्या असावयास हवी तेथे दुष्ट लेखकाने संयुक्त संख्या लिहिली, तरी व्याकरणास त्यात काही वावगे दिसत नाही. २००९ सालच्या आर.एफ.सी. ५४८० या मानकाने इंटरनेटवरील प्रमाणपत्रांत वर्णनाचा हा मार्ग निषिद्ध ठरविला होता. परंतु मानकाने एखादी लेखनपद्धती निषिद्ध ठरविली म्हणजे ती वाचण्याची यंत्राची क्षमता आपोआप नाहीशी होते असे नव्हे. लिहिणाऱ्यांनी सोडून दिलेला प्रयोग वाचणाऱ्याच्या आज्ञावलीत जिवंत राहिला.

४

बाकीच्या अंकगणितात वर्गमूळ काढण्याची जी रीत ओपन-एसएसएलमध्ये योजिली आहे, ती टोनेल्ली व शँक्स यांच्या नावांनी ओळखली जाते. अल्बेर्तो टोनेल्ली यांनी ती १८९१ साली मांडली व डॅनियल शँक्स यांनी १९७० च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. लहान संख्यांवर ती चालवून पाहिली असता दोषाचे नेमके स्थान दिसून येते.

भाजक ४१ ही मूळ संख्या घेऊ, आणि २ चे वर्गमूळ शोधू. म्हणजे अशी संख्या शोधावयाची की जिच्या वर्गास ४१ ने भागिले असता बाकी २ उरावी. ४१ उणे १ म्हणजे ४०; ४० = ८ गुणिले ५; आणि ८ हा २ चा तिसरा घात. म्हणून ‘मर्यादा’ ३ ठरते. रीतीप्रमाणे पहिले अनुमानित उत्तर ८ येते. त्याचा वर्ग ६४, बाकी २३. म्हणजे उत्तर चुकले. किती चुकले हे दाखविणारा ‘दोषांक’ ३२ आहे. उत्तर अचूक असते तर तो १ असता. आता दोषांकाचा पुनःपुन्हा वर्ग करावयाचा आणि कितव्या वेळी १ येतो हे मोजावयाचे. ३२ च्या वर्गाची बाकी ४०. ४० च्या वर्गाची बाकी १. मोजणी २ झाली. ती मर्यादेहून, म्हणजे ३ हून, कमी आहे. तेव्हा रीत सांगते त्या सुधारकाने, येथे ३८ ने, उत्तरास गुणावे. ८ गुणिले ३८ म्हणजे ३०४, बाकी १७. आणि दोषांकही १ होतो. ताळा पाहू : १७ चा वर्ग २८९, ४१ साती २८७, बाकी २. उत्तर मिळाले.

ही रीत थांबते याची हमी कशात आहे? प्रत्येक फेरीच्या अखेरीस, आलेली मोजणी हीच पुढच्या फेरीची नवी मर्यादा होते. मोजणी नेहमी मर्यादेहून लहान असते. म्हणून मर्यादा प्रत्येक फेरीस उतरत जाते, आणि धन पूर्णांक अनंत वेळा उतरू शकत नाही. मर्यादा १ झाली की दोषांक १ असलाच पाहिजे, असे सिद्ध करता येते. मात्र ही सिद्धता भाजक मूळ संख्या असण्यावर सर्वस्वी अवलंबून आहे.

आता भाजक ६९७ घेऊ. ही मूळ संख्या नव्हे. १७ गुणिले ४१ म्हणजे ६९७. वर्गमूळ ६९६ चे काढावयाचे आहे. ६९६ = ८ गुणिले ८७; म्हणून मर्यादा पुन्हा ३. अनुमानित उत्तर १, दोषांक ६९६. ६९६ चा वर्ग केल्यास पहिल्याच वेळी बाकी १ येते, मोजणी १. येथवर सर्व सुरळीत आहे. सुधारक लावून उत्तर २३६ होते, दोषांक ६४ होतो आणि नवी मर्यादा १ होते. भाजक मूळ संख्या असता तर या क्षणी दोषांक १ होऊन काम संपले असते. तसे झालेले नाही. म्हणून यंत्र दोषांकाचे वर्ग करू लागते : ६११, मग ४२६, मग २५६, मग १८, मग ३२४, आणि ३२४ च्या वर्गाची बाकी पुन्हा ४२६. येथून ४२६, २५६, १८, ३२४ हेच चार अंक रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे फिरत राहतात. १ कधीच येत नाही.

तरीही मर्यादेची तपासणी होती. तिने हे चक्र का थांबविले नाही? जुन्या आज्ञावलीत पहिला वर्ग करून मोजणी १ धरली जात असे. उत्तर १ नसल्यास मोजणी एकाने वाढविली जाई. आणि मगच ‘मोजणी मर्यादेइतकी झाली काय’ असे विचारले जाई. मर्यादा ३ असेल तर २, ३ असे मोजताना ती गाठली जाते आणि यंत्र ‘वर्गमूळ नाही’ असे सांगून थांबते. परंतु मर्यादा १ असेल, तर पहिली तुलनाच २ शी होते. २ म्हणजे १ नव्हे, ३ म्हणजे १ नव्हे, ४ म्हणजे १ नव्हे. सीमा मागे पडलेली आहे आणि यंत्र ती पुढे शोधीत आहे. ‘इतकी झाली काय’ याऐवजी ‘इतकी किंवा अधिक झाली काय’ असे विचारले असते, तर हा अनर्थ टळला असता. दुरुस्तीत नेमके हेच केले आहे. मोजणी मर्यादेहून लहान आहे तोवरच वर्ग करावयाचे. तेवढ्यात १ न सापडल्यास, एक तर संख्येस वर्गमूळ नाही किंवा भाजक मूळ संख्या नाही, असा निष्कर्ष काढून थांबावयाचे.

मराठीत ‘दहापर्यंत मोज’ असे मुलास सांगितले आणि त्याने अकरापासून आरंभ केला, तर तो कोठे थांबेल? मनुष्य हसून थांबतो, कारण ‘पर्यंत’ या शब्दात दिशा व सीमा दोन्ही अभिप्रेत आहेत हे तो जाणतो. यंत्रास समानतेचे चिन्ह दिले तर त्यास केवळ समानता कळते. सीमा ओलांडली गेली ही कल्पना त्यास वेगळी सांगावी लागते. एका संबंधवाचक पदाच्या निवडीत हा सारा दोष सामावला होता.

५

असे असता, सही तपासून अविश्वसनीय प्रमाणपत्र आधीच का फेटाळले गेले नाही, अशी शंका येथे घेता येईल. तिचे समाधान या दोषाचे खरे गांभीर्य दाखविते. सही तपासावयाची तर आधी सही कोठे आहे, ती कोणाची आहे, कोणत्या किल्लीने ती पडताळावयाची, हे वाचावे लागते. संस्थानी कचेरीत आलेल्या पत्रावरील मुद्रा अस्सल की बनावट हे ठरविण्यासाठीसुद्धा पत्र हाती घ्यावे लागे. विश्वास हा वाचनाचा परिणाम आहे. तो वाचनाची पूर्वअट होऊ शकत नाही. म्हणून सहीची पडताळणी होण्यापूर्वी जेवढे वाचन घडते, तेवढे सर्व अनोळखी, कदाचित वैरी अशा लेखकाच्या स्वाधीन असते. ओपन-एसएसएलच्या १.१.१ व ३.० या आवृत्त्यांत सार्वजनिक किल्लीचा उलगडा प्रमाणपत्र वाचतानाच होत असे; त्यामुळे सहीचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच यंत्र चक्रात सापडे. १.०.२ या आवृत्तीत किल्ली प्रथम वाचनात उलगडली जात नसे, म्हणून तेथे दोष उद्दीपित करणे काहीसे कठीण होते. तथापि धारकाने स्वतःच स्वतःवर सही केलेले प्रमाणपत्र पाठविल्यास सहीच्या पडताळणीतच तो प्रकट होई.

बाधित पक्षांची व्याप्तीही नीट समजून घेतली पाहिजे. सर्व्हरचे प्रमाणपत्र वाचणारा ग्राहक, दुष्ट सर्व्हरशी जोडला गेल्यास अडकू शकत होता. जे सर्व्हर ग्राहकाकडे प्रमाणपत्र मागतात ते अडकू शकत होते; जे मागत नाहीत त्यांना या मार्गाने धोका नव्हता. लोकांकडून प्रमाणपत्रे किंवा किल्ल्या स्वीकारून त्यांची संकेतस्थळे चालविणारे व्यावसायिक, आणि प्रमाणपत्रासाठी आलेले अर्ज वाचणाऱ्या प्रमाणन-संस्था, हेही त्याच पंक्तीत होते. एका प्रमाणपत्राने सर्व्हरचा एक कार्यप्रवाह अडतो; अनेक प्रवाह अडविण्यास अनेक प्रमाणपत्रे पाठवावी लागतात. परंतु पाठविणाऱ्यास प्रत्येक वेळी थोडेसे बाइट खर्चावे लागतात व वाचणाऱ्याचा प्रोसेसर अनिश्चित काळ खर्ची पडतो, हे विषम प्रमाण कायमच राहते.

दुरुस्ती ३.०.२ व १.१.१-एन या आवृत्त्यांत आली. १.०.२ चा सार्वजनिक आधार २०१९ अखेर संपलेला असल्याने तिची दुरुस्ती केवळ शुल्क देऊन आधार घेणाऱ्यांस मिळाली. ही आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये निघाली होती. म्हणजे हा दोष निदान सात वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत उघड्या आज्ञावलीत होता. आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली असणे आणि ती कोणीतरी त्या दृष्टीने वाचलेली असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

६

न संपणारे गणित आणि फार वेळ घेणारे गणित यांत तत्त्वतः भेद असला, तरी खिडकीपाशी उभ्या असलेल्या मनुष्याच्या दृष्टीने तो भेद उरत नाही. म्हणून सेवानकाराच्या दुसऱ्या प्रकाराकडेही लक्ष दिले पाहिजे. ३० मे २०२३ रोजी ओपन-एसएसएलने सी.व्ही.ई. २०२३-२६५० हा दोष दुरुस्त केला. एएसएन-१ मध्ये वस्तूंना ओळखक्रमांक दिलेले असतात. बिंदूंनी विभागलेल्या संख्यांची ती मालिका असते. हे क्रमांक यंत्राच्या रूपातून दशमान रूपात लिहिताना, मालिकेतील एखादी संख्या प्रचंड लांब असल्यास, लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असे. लांबी दहापट केली की वेळ शंभरपट होई. येथे अनवस्था नाही. क्रिया संपते, परंतु लांबीवर बंधन नसल्यामुळे ती केव्हा संपावी हे लेखकाच्या मर्जीवर राहते. दुरुस्ती म्हणून अशा ओळखक्रमांकाची यंत्ररूपातील लांबी ५८६ बाइटांपुरती मर्यादित करण्यात आली.

या दोन उदाहरणांवरून एक सामान्य नियम सांगता येईल. परक्याचा मजकूर वाचणाऱ्या यंत्रास दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात : आपण कोणत्या अटींवर थांबू, आणि त्यापूर्वी अधिकात अधिक किती श्रम करू. पहिली गोष्ट सिद्धान्तावर सोपविता येते, मात्र सिद्धान्ताच्या अटी दिलेल्या मजकुरात आहेत की नाहीत हे पाहूनच. दुसरी गोष्ट कोणत्याही सिद्धान्तावर न सोपविता वाचकाने स्वतः ठरवावयाची असते. दुरुस्त आज्ञावलीत भाजक मूळ संख्या आहे किंवा नाही याची महागडी तपासणी केलेली नाही. ती नसली तरी आपण थांबू, एवढीच व्यवस्था केली आहे. व्यवहारात ही दुसरी व्यवस्था अधिक स्वस्त व अधिक भक्कम ठरते.

७

माहितीच्या सुरक्षेची तीन अंगे मानिली जातात : गोपनीयता, अखंडता व उपलब्धता. पहिल्या दोहोंचा बोलबाला अधिक होतो. एप्रिल २०१४ मध्ये याच लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर बाहेर येऊ शकतो हे कळून जगभर खळबळ उडाली. केवळ काम अडविणाऱ्या दोषास त्या मानाने गौण लेखण्याची प्रवृत्ती आहे. ही प्रवृत्ती कितपत योग्य, हे ठरविण्यासाठी राजधानीतील कचेरीपेक्षा खोडाळ्यासारखे गाव हे अधिक चांगले परीक्षास्थान आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जव्हार व मोखाडा हे त्यातील डोंगराळ, बहुसंख्य आदिवासी वस्तीचे तालुके. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या समाजांच्या वस्त्या येथे पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो धान्य मिळते. ते देण्यापूर्वी शिधावाटप दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोटाचा ठसा घेऊन आधारशी ताडला जातो. त्या ठशाची माहिती २५६ बिटांच्या किल्लीने कूटबद्ध होते व ती किल्ली स्वतः २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध होऊन दूरच्या सर्व्हरकडे जाते. म्हणजे डोंगरातील एका पाड्यावरच्या कुटुंबाचे तांदूळ व गहू हे कूटलेखनाच्या एका लांब साखळीच्या टोकाशी आहेत. २०२२ च्या दोषाचा आघात या साखळीवर झाला, असे येथे सुचवावयाचे नाही. साखळीची कोणतीही कडी अडली असता भार कोठे पडतो, एवढेच पाहावयाचे आहे. शहरात व्यवहार अडल्यास मनुष्य दुसरे दुकान, दुसरी बँक, दुसरा दिवस शोधतो. पाड्यावरून मजुरी बुडवून आलेल्या स्त्रीस दुसरा दिवस म्हणजे दुसरी बुडालेली मजुरी होय.

अशा वेळी खिडकीपलीकडून जे वाक्य ऐकू येते, तेही भाषेच्या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज मराठीत इतके रुळले आहे की, त्यास भाषांतराची गरज उरलेली नाही. त्याची रचना ‘पाऊस आहे’, ‘अंधार आहे’ अशा वाक्यांच्या जातीची आहे. त्यात कर्ता नाही, कारण नाही, काळाची मर्यादा नाही. मनोरा बंद पडला, वीज गेली, सर्व्हरवर गर्दी झाली, कोणी बुद्ध्या अडथळा आणला किंवा एखाद्या आज्ञावलीत समानतेचे चिन्ह चुकले, हे सर्व भेद त्या एका वाक्यात विरून जातात. ज्याचे कारण सांगता येत नाही त्याची तक्रारही करता येत नाही. फुटलेल्या गुपिताचा पुरावा राहतो, बदललेल्या लेखाचा पुरावा राहतो. न मिळालेल्या सेवेचा पुरावा बहुधा रिकाम्या पिशवीखेरीज काही नसतो.

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दाखले, वेतन, शिष्यवृत्ती यांचेही व्यवहार क्रमशः याच मार्गाने होत आहेत. जसजसा कागदाचा पर्याय मागे पडेल, तसतशी उपलब्धता हे सुरक्षेचे तिसरे अंग न राहता पहिले अंग होत जाईल. म्हणून अशा प्रणालींची योजना करताना दोन दक्षता आवश्यक ठरतात. पहिली यंत्राविषयीची : लायब्ररीच्या आवृत्त्या वेळच्या वेळी बदलणे, निषिद्ध लेखनपद्धती वाचण्याचीही सोय काढून टाकणे, आणि प्रत्येक वाचनास श्रमाची सीमा घालणे. दुसरी माणसाविषयीची : यंत्र थांबले तरी हक्क थांबू नये, म्हणून नोंदवहीत नोंद करून सेवा देण्याचा मार्ग खुला ठेवणे.

८

सारांश, सी.व्ही.ई. २०२२-०७७८ हा दोष तीन गोष्टींच्या संयोगातून उद्भवला. संक्षिप्त लेखनाने श्रम वाचकाकडे ढकलले. वर्णनाच्या सवलतीने ते श्रम कशावर व्हावेत हे ठरविण्याचा अधिकार अनोळखी लेखकास दिला. आणि थांबण्याची अट ‘न्यून’ या संबंधाऐवजी ‘समान’ या संबंधावर उभी केल्याने त्या श्रमांस अंत उरला नाही. तिन्हींपैकी कोणतीही एक नसती तर अनवस्था घडली नसती. पहिल्या दोन गोष्टी बदलणे लेखनाच्या रूढीशी निगडित असल्यामुळे कठीण होते. तिसरी काही ओळींत बदलता आली. तथापि पहिल्या दोन गोष्टी अन्य रूपांत अद्याप सर्वत्र वावरत आहेत, आणि प्रत्येक नवी लेखनपद्धती स्वीकारताना तिच्यातील श्रम कोणाच्या वाट्यास जातात, हे विचारणे हे गणितज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.